सोबत जोडलेलं लायसन्स

त्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. विसरलो असतो तर एक वेळ बरं झालं असतं, पण ते माझ्या टेबलाच्या डाव्या खणात, शब्दकोशाखाली होतं आणि शब्दकोश मला रोज लागतो.

पत्र वाहतूक कार्यालयाचं होतं. शुश्रूषागृहाच्या गेटसमोर पिवळ्या रेघेवर तुम्ही तीन वेळा गाडी उभी केली, तिन्ही वेळा नोटीस पाठवली, तुम्ही दंड भरला नाही आणि खुलासाही केला नाही, असं त्यात लिहिलं होतं. सगळं खरं होतं. शेवटी म्हटलं होतं, ‘तरी आपले म्हणणे लेखी कळवावे, अन्यथा आपले लायसन्स निलंबित करण्यात येईल.’

दुसरा कोणी असता तर दंड भरून मोकळा झाला असता. माझं तसं होत नाही. जाड पुस्तकांच्या शेवटी सूची असते, कुठला विषय कुठल्या पानावर ते सांगणारी. ती करण्यात माझं नोकरीचं सगळं आयुष्य गेलं. त्या कामाने दोन सवयी लागल्या. एक म्हणजे बारीक टाइप वाचल्याशिवाय सोडवत नाही. दुसरी म्हणजे कोणी लेखी काही विचारलं तर त्याचं लेखी उत्तर द्यायलाच हवं असं वाटतं. एखाद्या माणसाने ‘आपले म्हणणे काय’ असं विचारावं आणि आपण नुसते पैसे पाठवावेत, हे मला उद्धटपणाचं वाटलं. पत्र माणसाने लिहिलेलं नसतं, यंत्रातून निघतं, हे मला आता कळलं आहे. तेव्हाही कळत असावं.

तर मी उत्तर लिहायला बसलो. म्हणणं माझ्याकडे होतं. पत्राच्या मागच्या बाजूला बारीक टाइपात त्याची सोयही होती: अधू दृष्टीच्या व्यक्तीला नेणाऱ्या चालकाला सोबत्याचा पास मिळतो, म्हणजे दारापर्यंत गाडी नेता येते आणि आधीच्या नोटिसा रद्द होतात. डॉक्टरांचा दाखला जोडायचा. आणि पुढे होतं, ‘सदर व्यक्तीच्या नावे लायसन्स असल्यास तेही सोबत जोडावे. ते परत मिळणार नाही.’

तिथे घोडं अडलं.

हिच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, नावे लायसन्स होतं. पर्सच्या पुढच्या कप्प्यात असायचं. लग्न झालं तेव्हाच ही गाडी चालवत होती. पुढे औषधांच्या एका घाऊक व्यापाऱ्याकडे नोकरी धरली आणि गावातल्या सगळ्या दुकानांना व्हॅनने औषधं पोचवली. मी तेव्हा मागच्या सीटवर पुस्तक वाचत बसणारा माणूस. मग हिचे डोळे गेले. गेले म्हणजे मधला भाग गेला. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, ‘चौकट दिसते, चित्र दिसत नाही असं समजा.’ हिने मला काहीच सांगितलं नाही. एक दिवस गाडीच्या किल्ल्या माझ्या टेबलावर ठेवल्या आणि म्हणाली, “आजपासून तुम्ही चालवा. मला कंटाळा आलाय.”

मी उतारवयात गाडी शिकलो. दोनदा नापास झालो. आमच्या घरात तेव्हापासून ‘कंटाळा’ हा शब्द चालतो, किंवा मग ‘उजेड कमी आहे’. भर दुपारी, खिडकीशी बसून, उजेड कमी आहे. मी उठून दिवा लावतो.

त्यामुळे खुलाशात ‘माझ्या पत्नीला दिसत नाही’ हे वाक्य आलं की मी ते खोडायचो. ‘प्रकृतीच्या कारणास्तव’ लिहून पाहिलं. ‘काही घरगुती अडचणींमुळे’ लिहून पाहिलं. ते वाचून मलाच माझा संशय आला. असे बरेच कागद झाले. त्यात मुदत संपली. काही घडलं नाही, तेव्हा माझ्यासारखा माणूस जे करतो तेच मी केलं. शब्दकोश नीट सरळ ठेवला आणि खण बंद केला.

मंगळवारी आणि शुक्रवारी आम्ही ताईकडे जात असू. ताई म्हणजे हिची थोरली बहीण, टेकाडावरच्या त्या शुश्रूषागृहात असते. तिला आता माणसं ओळखू येत नाहीत, पण डोक्यावरचा हात ओळखू येतो. ही तिचे केस सोडते, विंचरते, घट्ट वेणी घालते. ताईचे केस अजून कमरेपर्यंत आहेत आणि हिच्याशिवाय दुसऱ्या कोणी कंगवा आणला तर ती त्याचा हात चावते. गाड्या लावायची जागा टेकाडाच्या पायथ्याशी आहे, तिथून पायऱ्या. पायऱ्यांना कठडा नाही. म्हणून मी गेटसमोर थांबून हिला हात धरून आत बाकापर्यंत सोडत असे आणि मग गाडी खाली नेत असे. पाच मिनिटांचं काम. तिथल्या खांबावर कॅमेरा बसवला आहे हे मला नोटिसांतून कळलं.

त्या मंगळवारी पुलापाशी तपासणी चालली होती. एका तरुण हवालदाराने हात केला. मी खिडकी उघडली.

“काका, लायसन्स.”

मी दिलं. त्याने ते हातातल्या यंत्रावर धरलं, मग माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा यंत्राकडे.

“हे चालत नाही.”

“मुदत आहे अजून,” मी म्हणालो.

“मुदत आहे हो. पण निलंबित आहे. तीन नोटिसा पडून आहेत. पत्र नाही आलं?”

ही शेजारी पर्स मांडीवर घेऊन समोर बघत बसली होती.

“आलं असेल,” मी म्हणालो.

“असेल म्हणजे? आलं की नाही?”

“आलंय,” ही म्हणाली. “यांचं ‘असेल’ म्हणजे ‘आहे’.”

हवालदार हसला. त्याला बहुधा कडक व्हायचं होतं, ते आता जमेना. “काकू, तुमच्याकडे आहे का लायसन्स? मग तुम्ही न्या गाडी. यांना नाही सोडता येणार.”

हिचा हात पर्सच्या पुढच्या कप्प्याकडे गेला. चेन उघडल्याचा आवाज मी ऐकला. हात आत गेला आणि तिथेच थांबला. मागे गाड्यांची रांग लागली होती, कोणीतरी हॉर्न वाजवला.

“आहे,” ही म्हणाली. मग चेन लावली. “पण आज मला कंटाळा आलाय. गाडी इथेच कडेला लावू द्या.”

हवालदाराने आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. अशी माणसं त्याला रोज भेटत नसावीत.

मी ब्रेकमास्तरला फोन केला. हा माणूस मोटार शिकवण्याची शाळा चालवतो. मला त्यानेच शिकवलं. शिकवायच्या गाडीत मास्तरच्या पायाशी वेगळा ब्रेक असतो. तो दाबून दाबून याच्या उजव्या पायाला अशी सवय लागली आहे की खुर्चीत बसून गप्पा मारतानाही समोरचा काही चुकीचं बोलला की याचा पाय जमीन दाबतो. म्हणून ब्रेकमास्तर. मला तो ‘विद्यार्थी’ म्हणतो, कारण मी त्याचा सर्वांत म्हातारा विद्यार्थी.

तो एका शिकाऊ मुलीला घेऊन आला. तिला आमची गाडी चालवायला बसवलं, स्वतः तिच्या शेजारी बसला आणि आम्हाला मागे बसवून घरी आणलं. ताईकडे जायला आता उशीर झाला होता.

“विद्यार्थी,” तो मागे न बघता म्हणाला, “मी तुम्हाला गाडी मागे घ्यायला शिकवली, चढावर थांबवायला शिकवली. आलेलं पत्र फोडायचं हेही शिकवायचं होतं का?”

“फोडलं होतं,” मी म्हणालो.

“मग?”

“उत्तर लिहीत होतो.”

त्याच्या पायाखाली ब्रेक नव्हता, तरी जमीन दाबल्याचा आवाज आला. शिकाऊ मुलीने घाबरून खरा ब्रेक लावला.

घरी आल्यावर ही चपला काढायच्या आधी म्हणाली, “पत्र कुठंय?”

“खणात.”

“वाचा.”

मी पुढची बाजू वाचली. तारखा, जागा, कलम, सगळं. ‘निलंबित करण्यात येईल’ पर्यंत आलो आणि थांबलो.

“संपलं?”

“संपलं.”

“एवढंसं होतं तर लपवलंत कशाला? दंड भरून टाका. शुक्रवारी मला जायचंय.”

मी “भरतो” म्हणालो. बुधवारी कार्यालयाला कसलीशी सुट्टी होती. गुरुवारी मी गेलो आणि रांग बघून परत आलो. रांगेत उभं राहिल्यावर माझ्या छातीत धडधडतं, पण तेही खरं कारण नसावं. शुक्रवारी ब्रेकमास्तरच्या विद्यार्थ्यांची परीक्षा होती. टॅक्सीवाले टेकाडावर जायला तयार होतात, पण यायला वरून टॅक्सी मिळत नाही, आणि हिला घेऊन त्या पायऱ्या उतरण्याची माझी हिंमत नव्हती. शुक्रवारही गेला.

संध्याकाळी शुश्रूषागृहातून फोन आला. तिथल्या नर्सचा आवाज एवढा मोठा आहे की फोन हिच्या कानाला असून मला सगळं ऐकू येत होतं.

“काकू, दोन्ही दिवस आला नाहीत. तुमच्या ताईंच्या केसांचा नुसता गुंता झालाय. कोणाला हात लावू देत नाहीत. डॉक्टर म्हणतात, बारीक कापून टाका, त्यांनाही बरं आणि आपल्यालाही. मंगळवारपर्यंत थांबू का?”

“मंगळवारपर्यंत थांबा,” ही म्हणाली. फोन ठेवला. “केस गेले तर मी कोण हे तिला कळायचं कसं?” असं म्हणाली, पण मला उद्देशून नाही.

सोमवारी ब्रेकमास्तर मला कार्यालयात घेऊन गेला. हाताला धरून नेलं म्हटलं तरी चालेल. जुनी इमारत, लांब हॉल, लोखंडी बाकं, वरती नंबर दाखवणारी पाटी. ब्रेकमास्तरला तिथले निम्मे लोक ओळखत होते. आमचा नंबर लागला. खिडकीतल्या बाईंना सर्दी झाली होती.

“दंड की खुलासा?”

“दंड,” मी म्हणालो. पैसे हातातच होते.

बाईंनी माझ्या लायसन्सचा नंबर टाकला, पडद्यावर पाहिलं. “तिन्ही एकाच जागी? तिथे काय आहे?”

“शुश्रूषागृह.”

“अजून जाणार तिथे?”

“आठवड्यातून दोनदा.”

त्यांनी नाक पुसलं. “मग ऐका. आज दंड भरलात, लायसन्स सुटेल. त्या रेघेवर अजून एक नोटीस आली की रद्द. निलंबित नाही, रद्द. मग परत पहिल्यापासून परीक्षा.”

“परत?” ब्रेकमास्तर म्हणाला. त्याला माझी परीक्षा आठवली असावी.

“आणि एकदा दंड भरला की त्यावर खुलासा घेत नाहीत. गाडी खाली का नाही लावत?”

“पायऱ्या आहेत. सोबत असतं कोणी.”

“कोण असतं?”

मी पैशांकडे बघत राहिलो. मागचा माणूस माझ्या खांद्यावरून आत डोकावत होता. तेवढ्यात ब्रेकमास्तर म्हणाला, “यांच्या मिसेसना दिसत नाही.”

इतकं साधं म्हणाला. पाऊस पडतोय म्हणावं तसं. मला वाटायचं ही गोष्ट फक्त मला, तिला आणि डॉक्टरांना माहीत आहे.

“मग तसं लिहून द्या ना,” बाई म्हणाल्या. “पत्राच्या मागे छापलंय सगळं. लोक मागची बाजू वाचतच नाहीत.”

“वाचलंय,” मी म्हणालो.

“वाचलंय आणि दिलं नाही?” त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. “आता उशीर का झाला तेही लिहावं लागेल. खरं लिहा, वरचे साहेब मन लावून वाचतात. खुलासे इथे घेत नाहीत, वरच्या कार्यालयाला पोस्टाने पाठवा. पोचल्याच्या तारखेपासून निलंबन थांबतं. आणि उद्या जायचं असेल तर दुसऱ्या कोणाला तरी चालवायला सांगा.”

“उद्या मी नेतो,” ब्रेकमास्तर म्हणाला. “पण दर वेळी नाही जमणार मला.”

बाहेर आल्यावर तो चिडलाच. “अहो, फुकटात सुटताय. दंड नाही, वर पास मिळतोय. सुंठीवाचून खोकला जातोय आणि तुमचं तोंड असं का?”

मी त्याला शेवटची ओळ सांगितली. लायसन्स सोबत जोडावे, ते परत मिळणार नाही.

तो गाडीपर्यंत चालत गेला. बसल्यावर म्हणाला, “औषधांची व्हॅन घेऊन वहिनी बाजाराचा चढ चढायच्या ना, तेव्हा मी पोरांना सांगायचो, बघा. पुढे गाडी अडकली तर अर्ध्या क्लचवर धरून ठेवायच्या. वीतभर मागे यायची नाही. एका हातात बिलं.” त्याचा पाय जमिनीवर टेकून राहिला होता. “हे मला नाही विचारता यायचं. तुम्हीच विचारा.”

घरी आलो तेव्हा ही स्वयंपाकघरात मटार सोलत होती. हे काम ती बघून करत नाही, पूर्वीही करत नव्हती. अंगठ्याने शेंग उघडायची, दाणे भांड्यात, साल डाव्या बाजूला.

“भरला?”

“नाही.”

“खिडकी बंद होती?”

“नाही.”

“मग रांगेला घाबरून आलात.”

“नाही गं. नंबर लागला होता.” मी समोर बसलो. पत्र खिशातच होतं. “त्या दिवशी मी तुला मागची बाजू वाचून दाखवली नाही.”

“माहीत आहे.”

“कसं?”

“कागद उलटल्याचा आवाज आला नाही. गोळ्यांच्या पाकिटातला कागद तुम्ही दोन्ही बाजूंनी वाचता, आणि सरकारचं पत्र एकाच बाजूने वाचाल? मी वाट बघत होते, कधी सांगता.” तिने आणखी एक शेंग उघडली. “आता वाचा.”

मी वाचलं. या वेळी काही गाळलं नाही. शेवटच्या वाक्याला तिचा अंगठा थांबला.

“‘ते परत मिळणार नाही’, असंच लिहिलंय?”

“असंच.”

“बरं.”

भांड्यात दाणे पडायला लागले. एक शेंग, दुसरी, तिसरी. मला उठून दिवा लावावासा वाटला.

“म्हणून इतके दिवस बसलात,” ती म्हणाली.

“वाक्य जमत नव्हतं.”

“कुठलं?”

मी पत्राची घडी घातली.

“अहो, लिहिताना मनात म्हणाला असालच ना. तेच म्हणा.”

मला ते मोठ्याने म्हणणं कठीण गेलं. तरी म्हणालो. “माझ्या पत्नीला दिसत नाही.”

काही झालं नाही. बाहेर कोणीतरी कचऱ्याच्या डब्याचं झाकण लावलं. तिने शेंगेतला किडका दाणा बोटाने ओळखून बाजूला टाकला.

“चुकलंय,” ती म्हणाली.

“काय चुकलं?”

“कडेचं दिसतं मला. मधलं दिसत नाही. उजवीकडची कड जास्त चांगली आहे. तुमचा कान दिसतोय आत्ता, तोंड नाही. जे आहे ते लिहा, सरकारला खोटं कशाला सांगायचं?”

इतक्या वर्षांत हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं. मी तिच्या डाव्या बाजूने चालायचो, तिचा डावा हात धरून, म्हणजे तिच्या चांगल्या कडेला मी नसायचोच.

“दाखला लागेल डॉक्टरांचा,” मी म्हणालो.

“माझ्या कपाटात आहे. लोकरीच्या शालीखाली. घेऊन ठेवलाय कधीचा.” तिने हात पुसले. “कागद आणा. मी सांगते. तुम्ही लिहायला बसलात तर ताईला टक्कल पडेल.”

मी कागद आणला. ती सांगत होती आणि मी लिहीत होतो. व्यापाऱ्याकडे असताना ती फोनवर जशी ऑर्डर सांगायची त्याच आवाजात.

“महोदय. गाडी तिन्ही दिवशी पिवळ्या रेघेवर उभी होती हे खरे आहे.”

“सुरुवातच कबुलीने?”

“फोटो आहेत त्यांच्याकडे. पुढे लिहा. माझ्या पत्नीला कडेचे दिसते, मधले दिसत नाही. खालच्या पायऱ्यांना कठडा नाही. तिला आतल्या बाकापर्यंत सोडून मी गाडी खाली नेतो. सोबत्याचा पास मिळाला तर रेघेवर थांबावे लागणार नाही, दारापर्यंत नेता येईल.”

“आणि उशिराचं कारण? खिडकीतल्या बाई म्हणाल्या, तेही लिहा आणि खरं लिहा.”

“लिहा. मला हे वाक्य लिहवत नव्हते.”

“असं कोणी लिहितं का?”

“त्या बाई म्हणाल्या ना, खरं लिहा. याहून खरं काय आहे तुमच्याकडे?”

मी लिहिलं. खाली ‘सोबत जोडले आहे’ असं लिहून दोन ओळी घातल्या: डॉक्टरांचा दाखला, पत्नीचे लायसन्स. सही केली. ती म्हणाली, मीही करते. मी तिचं बोट कागदावर ठेवून दिलं आणि तिने सही केली. ती तिरकी गेली आणि माझ्या सहीवर चढली, पण वाचता येत होती.

लायसन्स मात्र तिने लगेच काढलं नाही. म्हणाली, “किल्ल्या कुठायत?”

आम्ही खाली गेलो. गाडी फाटकाच्या आत उभी होती. ही दार चाचपून ड्रायव्हरच्या जागेवर बसली. गाडी सुरू करायची नव्हतीच तिला. किल्ली तिने मागितली होती ती फक्त दार उघडायला.

“सीट किती पुढे घेतलीय तुम्ही. चाक छातीला लागत असेल.”

“लागतं थोडं.”

“मग सांगायचं नाही?” खाली हात घालून तिने सीट मागे सरकवली, पाठ थोडी कलती केली, पाय लांब करून तिन्ही पेडल एकेकदा दाबून पाहिली. मग हाताने आरसा चाचपला. “आरसापण वाकडा. मागचं काय दिसतं यातून, स्वतःचं कपाळ?”

खरंच कपाळच दिसायचं. मला वाटायचं सगळ्यांना तसंच दिसतं.

तिने आरसा बोटभर फिरवला. गिअरवर हात ठेवून पहिला, दुसरा, तिसरा, परत न्यूट्रल. मग पर्सची चेन उघडली, कार्ड काढलं आणि माझ्यापुढे धरलं.

“फोटो कसा आलाय?”

मी पाहिलं. “रागावलेली दिसतेस.”

“फोटोवाल्याला घाई होती. मी सांगत होते, थांब, पदर नीट करू दे.” तिने दार लोटलं. “सीट अशीच ठेवा आता. परत पुढे घेऊ नका.”

दुसऱ्या दिवशी मंगळवार. ब्रेकमास्तर दुपारी ताईकडे न्यायला येणार होता. त्याआधी सकाळी आम्ही दोघं कोपऱ्यावरच्या पोस्टाच्या पेटीपर्यंत चालत गेलो. मी सवयीने तिच्या डाव्या हाताशी गेलो. तिने माझी बाही धरून मला उजवीकडे घेतलं.

“इकडून चला. इकडून दिसता थोडे.”

पाकीट तिच्या हातात होतं. पेटीपाशी आल्यावर तिने ते दोन बोटांत दाबून पाहिलं. कागदांमध्ये कार्डाची कड लागत होती.

“तिकिटं पुरतील?”

“जास्तीची लावली आहेत.”

“नीट पाहिलंत ना पत्ता? दोन्ही बाजूंनी?”

“पाहिला.”

तिने डाव्या हाताने पेटीचं तोंड शोधलं, झडप उचलली आणि उजव्या हाताने पाकीट आत सरकवलं. थोडा वेळ ते बोटांत तसंच राहिलं. मग सोडलं. आत पत्र्यावर ठक्क असा आवाज झाला. नुसत्या कागदाचा एवढा आवाज होत नाही.